रॅनिटिडीन की पॅन्टोप्राझोल?

एकाने विचारलंय, आयसीयूत जठरातला रक्तस्राव टाळायला आम्ल कमी करणारं औषध देतात, तर रॅनिटिडीन स्वस्त असताना सरसकट पॅन्टोप्राझोल कशाला? मुळात सरसकट काहीच नको. तासगावकडून फवारणीच्या विषबाधेने आलेला, ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटरवर राहणारा रुग्ण, किंवा घोणस चावून आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.५ च्या वर गेलेला, प्लेटलेट ५०,००० खाली आलेला, यांना द्या.

२०२० च्या ‘पेप्टिक’ नावाच्या चाचणीत आयसीयूतल्या रुग्णांत रक्तस्राव पीपीआय (पॅन्टोप्राझोलच्या जातीची औषधं) गटात १.३%, रॅनिटिडीनसारख्या एच-टू ब्लॉकर गटात १.८%. मृत्यूदरात ठोस फरक नाही. २०२४ च्या ‘रिव्हाइज’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत पॅन्टोप्राझोलने गंभीर रक्तस्राव ३.५ वरून १ टक्क्यावर आला. म्हणून माझा कल पॅन्टोप्राझोलकडे: ४० मिग्रॅ, १० मिली सलाइनमध्ये विरघळवून, किमान दोन मिनिटांत शिरेतून, दिवसातून एकदा.

रॅनिटिडीन ५० मिग्रॅ दर ६ ते ८ तासांनी लागतं, काही दिवसांत त्याचा असर ओसरतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) मिनिटाला ५० मिलीखाली असेल तर तोच डोस १८ ते २४ तासांनी. नाहीतर म्हातारी माणसं बरळायला लागतात, आणि सगळे औषधाऐवजी रक्तातल्या सोडियमवर संशय घेऊन तेच तपासत बसतात!

पॅन्टोप्राझोलची गोळी कुटून नाकातल्या नळीतून देऊ नका. आवरण फुटलं की जठरातलं आम्लच औषध खातं. आणि वॉर्डात हलवताना, दुसरं कारण नसेल तर, हे औषध चार्टवरून खोडा. तिथेच ते खोडायचं विसरलं जातं.