सूचना दिली की मूल नुसतं बघत बसतं

प्रश्न (वर्गातली मदतनीस): डाऊन सिंड्रोम असलेला 7 वर्षांचा विद्यार्थी आहे. "दप्तर अडकव, बूट काढ आणि वही घे" म्हटलं की थेट वहीच घेतो, नाहीतर जागचा हलत नाही. बोलतो एकेक शब्द, पण समजतं त्याहून बरंच. सूचना द्यायची कशी?

वाचा-उपचारतज्ज्ञ: आधी कान. या मुलांच्या मधल्या कानात द्रव साठणं फार सर्रास आढळतं, त्यामुळे ऐकू येणं दिवसागणिक कमीजास्त होतं. "काल ऐकलं, आज मुद्दाम ऐकत नाही" हा गैरसमज तिथूनच होतो. श्रवणचाचणीबरोबर टिम्पॅनोमेट्रीही (पडद्यामागे द्रव साठलाय का, ते दाखवणारी कानाची तपासणी) करून घ्यायला सांगा.

आता सूचना. नुसतं ऐकलेलं धरून ठेवणं त्यांना जड जातं, पाहिलेलं जास्त टिकतं. तीन कामांतलं शेवटचं तेवढं हाती लागतं, ते यामुळे. त्याच्या उंचीला बसा, नाव घ्या, नजर येऊ द्या, खुंटीकडे बोट दाखवून म्हणा, "दप्तर अडकव." मग गप्प राहून मनात दहापर्यंत मोजा. चुकतं ते इथेच! तिसऱ्या सेकंदाला आपण "अरे, ठेव ना तिकडे" म्हणतो आणि त्याला समजून घ्यायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. परत सांगायचंच तर शब्द तेच ठेवा.

"वही घेण्याआधी बूट काढ" हेही टाळा. कानावर आधी वही पडते, म्हणून हात वहीकडेच जातो.

विशेष शिक्षक: वरच्याला जोड म्हणून चित्रपट्टी करा. तीन फोटो, मागे वेलक्रो. काम झालं की त्यानेच फोटो काढून पाकिटात टाकायचा. फोटो त्याच्याच दप्तराचा हवा. खाली एकच शब्द, मोठा आणि ठळक; जवळचं स्पष्ट दिसणं अनेकांना चष्म्यानेही पुरतं साधत नाही. अख्खा शब्द नजरेने ओळखायला यातली बरीच मुलं शिकतात, आणि वाचलेला शब्द पुढे तोंडीही येतो.

"समजलं का?" विचारूच नका, सवयीचं "हो" मिळतं. "आता काय?" विचारा, बोट त्याला ठेवू द्या.

प्रश्नकर्ती: हातांच्या खुणा वापरल्या तर बोलणं मागे पडेल का?

वाचा-उपचारतज्ज्ञ: नाही. शब्द स्पष्ट येऊ लागला की खूण आपसूक गळते. फक्त खूण शब्दासोबतच करा, आणि घरी-शाळेत एकच ठेवा. तो "पाणी" म्हणाला तर "नीट बोल" नको, "पाणी दे" एवढं म्हणून पाणी द्या. त्याच्या शब्दाला एकच शब्द जोडायचा.

विशेष शिक्षक: आणि "पळू नको"ऐवजी "चाल". नको म्हटल्यावर करायचं काय, ते त्याला त्यातून कळत नाही.