शब्दचर्चा : कंटाळा, वीट आणि विटणे

प्रश्न : नील मोर्स हा अमेरिकी प्रोग्रेसिव्ह रॉक (दीर्घ, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत) संगीतकार मला गेली अनेक वर्षे प्रिय आहे. त्याचा नवा अल्बम मी आजही घेतो आणि त्यात बोट ठेवावे असे काही सापडत नाही. परंतु पहिल्या काही मिनिटांतच पुढचा सगळा मार्ग कळून चुकतो आणि लक्ष उडते. या अवस्थेला ‘कंटाळा’ म्हणावे की ‘वीट’? ‘एकसुरी’ हे विशेषण त्याच्या संगीताला लावता येईल का?

उत्तर : ‘कंटाळा’ येण्यासाठी आधी गोडी असावी लागत नाही. आंघोळीचा कंटाळा पाणी तापण्यापूर्वीच येतो. ‘वीट’ मात्र भरपूर उपभोगानंतर येतो. आमरसाचा वीट यायचा तर आमरस आधी मनसोक्त खाल्लेला असला पाहिजे. (हा वीट पुल्लिंगी आहे. ‘वीट आली’ म्हटले तर ती भट्टीवरून आली असे वाटेल.) तथापि ‘वीट’ या शब्दात नकोसेपणाची, तोंड फिरवण्याची छटा आहे आणि आपण तर नवा अल्बम अजूनही घेता. ‘उबग’ त्याहून दूरचा, कारण त्यात वैताग मिसळलेला असतो.

‘एकसुरी’ येथे सरळ चुकीचे ठरेल. मोर्सच्या एकाच दीर्घ रचनेत ताल, लय आणि पट्टी कितीतरी वेळा बदलतात. सारखेपणा आहे तो मांडणीत. आरंभी पुढील गाण्यांच्या धुनांची झलक देणारे वाद्यसंगीत, मग ऑर्गन आणि सिंथेसायझरची धावपळ, मध्येच पियानो किंवा अकूस्टिक गिटारवरचे हळवे गाणे आणि शेवटी आधीच्या धुनेला घेऊन चढत जाणारा संथ, भव्य समारोप. स्पॉक्स बिअर्ड या बँडबरोबर १९९५च्या ‘द लाइट’पासून २००२च्या ‘स्नो’पर्यंत त्याने ही मांडणी घडवली. बँड सोडल्यानंतर विषय बदलले : ‘टेस्टिमनी’मध्ये (२००३) स्वतःचा श्रद्धेकडे झालेला प्रवास, ‘सोला स्क्रिप्टुरा’मध्ये (२००७) जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर. आराखडा मात्र बराचसा तोच राहिला.

पुनरावृत्ती हा दोष आहे, असे मी म्हणणार नाही. ट्रान्सअटलांटिक या मोर्सच्याच दुसऱ्या बँडच्या ‘द व्हर्लविंड’मध्ये (२००९) तासाभराहून अधिक चालणाऱ्या रचनेत जुन्या धुना परत येतात, आणि त्या येतात म्हणूनच ती रचना उभी राहते. एका अल्बमच्या आत जे सौंदर्य आहे तेच अल्बमामागून अल्बम आले की ठरावीक वाटू लागते.

म्हणून मी ‘विटणे’ हे क्रियापद सुचवीन. रंग विटतो, कापड विटते आणि मनही विटते. ‘त्याच्या संगीताचा रंग विटला’ म्हटले की बदल संगीतात झाला. ‘मी त्याच्या संगीताला विटलो’ म्हटले की बदल ऐकणाऱ्यात झाला. मोर्सच्या बाबतीत दुसरे वाक्य मला अधिक न्याय्य वाटते, कारण त्याला आज प्रथमच ऐकणाऱ्याला तीच मांडणी ताजी वाटू शकते.

दुसरे उत्तर : ‘विटलो’ थोडे टोकाचे होते. ‘त्याच्या शैलीला कान सरावले’ असे म्हणावे; त्यात कोणाकडेच दोष जात नाही.

पहिल्याकडून : दोष जात नाही हे खरे, पण थकवाही येत नाही. आगगाडीच्या आवाजालाही कान सरावतात आणि माणूस सुखाने झोपतो. प्रश्नकर्त्याची तक्रार नेमकी थकव्याची आहे.

प्रश्नकर्ता : मग ‘विटलो’च ठेवतो. ‘अतिपरिचयादवज्ञा’ जोडले तर चालेल का?

उत्तर : जोडू नये. अवज्ञा म्हणजे अनादर, आणि आपल्या प्रश्नात अनादर कोठेही दिसत नाही.