व्ही-क्रॉसला जादा दिवे: टपावर बार की बंपरवर फॉग?

सह्यकडा:
नमस्कार मंडळी. इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला जादा दिवे बसवायचे आहेत. पावसाळ्यात ताम्हिणी-वरंध्याचं दाट धुकं, एरवी रात्री कच्च्या वाटा, तिथे वेग २० च्या आत. दुकानदार टपासाठी ५० इंची पांढरा बार (एलईडी दिव्यांची लांब पट्टी) सुचवतोय, खोक्यावर ‘३०,००० लुमेन’ (एकूण प्रकाशाचं माप). घ्यावा का? वायरिंग कंपनीच्या फॉगच्या (धुक्याच्या दिव्यांच्या) स्विचवरूनच करता येईल?

घाटमाथा:
बार नको. दिवा डोळ्यांच्या रेषेजवळ असला की धुक्याच्या थेंबांवरून उलटलेला प्रकाश थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुळीतही तेच. कोरड्या रात्री बॉनेट चकाकतं, त्या चकाकीने लांबचं दिसेनासं होतं.

धुक्यासाठी दिवा बंपरच्या पातळीवर हवा, झोत रुंद आणि वरून सरळ कापलेला. काचेवर एसएई जे५८३ (फॉग दिव्यांचं अमेरिकी मानक) किंवा युरोपीय मान्यतेची बी किंवा एफ३ खूण शोधा. पिवळा प्रकाश धुकं भेदतो हा मात्र गैरसमज. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप मोठे असतात, ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. तरीही ३,००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पिवळाच घ्या, ६,००० च्या निळसर पांढऱ्यापेक्षा तो डोळ्यांना कमी टोचतो.

लुमेनच्या आकड्यावर जाऊ नका, तो बहुतेक वेळा चिपचा कागदावरचा असतो. कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या झोताची तीव्रता) विचारा. ९०,००० कँडेला म्हणजे ३०० मीटरवर १ लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). पण ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, तुम्हाला ५० मीटर स्वच्छ दिसलं तरी पुष्कळ झालं. कच्च्या वाटेला बॉनेटच्या बिजागरीपाशी दोन छोटे फ्लड (पसरट झोताचे) दिवे, ३०-४० अंश बाहेर वळवून. वळणाची आतली कड आणि बाजूची चर त्यांनीच दिसते. धुक्यात ते बंद.

वायरमन_कराड:
स्विच तोच वापरा, पण फक्त रिलेला (थोड्या विजेच्या इशाऱ्यावर जास्त वीज सोडणाऱ्या स्विचला) इशारा द्यायला. ४० वॉटचे दोन दिवे सव्वासहा अँपिअर घेतात, रिलेची कॉइल जेमतेम ०.२. (३०० वॉटचा बार २३ अँपिअर ओढतो, तेही लक्षात घ्या.)

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून दिव्यांना २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर. ८६ ला फॉगच्या वायरचा इशारा, ८५ अर्थ. रिलेत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८५-८६ ची अदलाबदल अजिबात चालत नाही, इशाऱ्याचा फ्यूज उडतो. फ्लड दिव्यांना वेगळा रिले आणि वेगळा स्विच, इशारा अप्परवरून घ्या, म्हणजे समोरून गाडी आली की डिप्परबरोबर तेही विझतील.

दिवा मंद किंवा लुकलुकता झाला तर आधी अर्थ बघा. बोल्टखालचा रंग खरवडलेला नसतो, नाहीतर गंज चढलेला असतो. वायर चिमटीत धरणारे निळे-लाल जोड पावसाळ्यात टिकत नाहीत, तांबं हिरवं पडतं. लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिंप करून म्हणजे दाबून बसवून त्यावर गोंदवाली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा.

सह्यकडा:
धन्यवाद दोघांनाही. आयपी६८ (पाण्यात बुडाले तरी चालतील अशा दर्जाच्या) दिव्यांतही आत बाष्प धरलेलं दिसतं, ते का?

वायरमन_कराड:
तापलेला दिवा ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ओढा येण्याआधी काही मिनिटं दिवे बंद ठेवा. दिव्याच्या मागच्या ब्रीदरवर (हवा ये-जा करण्याच्या छिद्रावर) चिखल किंवा रंग बसू देऊ नका, तो बुजला की सगळा ताण सीलवर येतो.

घाटमाथा:
फॉगचा कोन लावताना गाडी सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करा. झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. आणि हे मागच्या हौद्यात नेहमीचं सामान भरूनच करा. रिकाम्या पिकअपवर जुळवलेला झोत पाटे दबले की वर उचलला जातो, आणि फॉग समोरच्याच्या डोळ्यांत जातात.