मदत हवी आहे : 'रासेलस'ची चिमुकली जुनी प्रत, साल कसं ठरवावं आणि चामडं कसं वाचवावं?

मंडळी, नमस्कार.

आजोळच्या कपाटातून अठराव्या शतकातला इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन याच्या 'रासेलस' या कथेची एक इंग्रजी प्रत माझ्याकडे आली आहे. उंची जेमतेम सात सेंटीमीटर, म्हणजे संग्राहक ज्याला मिनिएचर म्हणतात त्या तीन इंचांच्या आतली. तपकिरी चामड्याची बांधणी, कडांना सोनेरी मुलामा, आणि टाइप इतका बारीक की भिंगाशिवाय एक ओळ वाचवत नाही. नावाच्या पानाचा खालचा भाग फाटलाय, त्यामुळे प्रकाशक आणि साल दोन्ही गेलं.

पहिली आवृत्ती नाही हे नक्की. ती १७५९ मध्ये दोन भागांत निघाली. तिच्यावर जॉन्सनचं नाव नव्हतं आणि शीर्षक 'अ‍ॅबिसिनियाचा राजपुत्र' असं होतं. माझ्या प्रतीत एफसारखा दिसणारा लांब एसही कुठे नाही. तो इंग्लंडच्या छापखान्यांतून १८०० च्या आसपास हद्दपार झाला, म्हणजे प्रत त्यानंतरची धरतोय. सुरुवातीला बारीक रेघांचं एक कोरीव चित्र आहे. ते तांब्याच्या पत्र्यावरून छापलंय की पोलादी, हे कसं ओळखायचं? पोलादी पत्रे १८२० नंतर रुळले, त्यामुळे एवढं कळलं तरी काळ बराच आवळता येईल.

खरी काळजी चामड्याची आहे. पुस्तक हातात घेतलं की बोटांना तांबूस भुकटी लागते, कण्याजवळ तर पापुद्रे सुटायला लागलेत. घरचे म्हणतात, खोबरेल चोळ. मी हात लावू दिलेला नाही, कारण तेलाने चामडं काळवंडतं आणि कागदावर डाग उतरतात. भुकटी होणारं चामडं धरून ठेवायला हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाची पूड अल्कोहोलमध्ये कालवून लावतात असं वाचलंय. कुणी प्रत्यक्ष वापरलंय का? कण्यावरची सोनेरी अक्षरं टिकतात का? पुण्यात हे काम नीट करणारं कुणी माहीत असेल तर जरूर सांगा. पावसाळ्याच्या आत काहीतरी करायला हवं.

आणखी एक. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेलं आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलेलं मराठी 'रासेलस' कुठे वाचायला मिळेल? स्कॅन असला तरी चालेल. सुखाच्या दरीत सगळं हाताशी असूनही राजपुत्र तिथून निसटतो आणि बहीण नेकाया व कवी इम्लाक यांच्यासोबत कैरोत सुखी माणूस शोधत फिरतो. हे सगळं शास्त्रीबुवांच्या मराठीत कसं उतरलंय ते मला मुळाशेजारी ठेवून वाचायचंय. शेवटच्या प्रकरणाला जॉन्सनने 'ज्यात काहीच निष्पन्न होत नाही असा समारोप' अशा अर्थाचं नाव दिलंय. ते मराठीत कसं केलं असेल याची तर फारच उत्सुकता आहे.

प्रत विकायची नाही, त्यामुळे किमतीचा अंदाज नको. नावाचं पान, चित्र आणि कणा यांचे फोटो खाली टाकतोय. आणखी कशाचे हवे असतील तर सांगा, उद्या उजेडात काढून देतो.