मदत हवी आहे: फिल्म कॅमेऱ्यात प्रकाश कुठून शिरतोय?

नमस्कार मंडळी. बाबांचा जुना ३५ मिमी एसएलआर (लेन्समधलंच दृश्य आरशातून दाखवणारा कॅमेरा) मी पुन्हा वापरायला काढलाय. दोन रोल झाले आणि दोन्हींत तेच: फोटोच्या डाव्या कडेला नारिंगी पट्टा. निगेटिव्हवर तो फ्रेमच्या बाहेर, पार फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत गेलाय, आणि लेन्समधला प्रकाश तर फ्रेमपुरताच पडतो. त्यामुळे लेन्स आणि शटर निर्दोष असावेत, प्रकाश मागच्या झाकणातून येत असावा असं वाटतं. रंगही तेच सांगतो, कारण फिल्मच्या पाठीकडून आलेला प्रकाश आधी लाल रंग टिपणाऱ्या थरालाच लागतो. शिवाय प्रतिमा उलटी पडते, म्हणजे फोटोतली डावी बाजू ही झाकणाची बिजागरीकडची बाजू.

बिजागरीजवळचा, प्रकाश अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने तो खरवडून काढला (दोन तास गेले, बोटं काळी झाली) आणि दीड मिमीचा नवा फोम लावला. झाकण बसतं त्या वरच्या-खालच्या खाचांत काळी लोकर भरली. तरी दुसऱ्या रोलवर पट्टा आहेच, फक्त फिकट. कॅमेरा उन्हात गळ्यात लटकत राहिला त्याच फ्रेमवर तो जास्त दिसतो. भराभर काढलेले फोटो स्वच्छ आहेत.

अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून पाहिलं, काहीच दिसलं नाही. बिजागरीला दोन मिमीचा फोम हवा का? की झाकणच किंचित वाकलं असेल? ते कसं तपासायचं? पुढच्या महिन्यात आजीचा ८० वा वाढदिवस आहे, तिचे फोटो याच कॅमेऱ्याने काढायचेत. पुण्यात असं काम करणारं कुणी माहीत असेल तर तेही कृपया सांगा.