शॅमेलिऑनचं पिल्लू वाटीतलं पाणीच पीत नाही

राजारामपुरीकर:
व्हेल्ड शॅमेलिऑनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या परदेशी सरड्याचं, तीन महिन्यांचं पिल्लू आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेलं. वाटीतल्या पाण्याला तोंडसुद्धा लावत नाही. आज डोळे आत गेल्यासारखे दिसतायत. माझा पहिलाच प्राणी आहे, जीव खालीवर होतोय.

रंकाळाकाठ:
दादा, वाटी काढा. त्याला साठलेलं पाणी कळत नाही, पानावरचा थेंब चमकला की जीभ काढतं. जाळीच्या पिंजऱ्यात जास्वंदीची कुंडी ठेवा, नर्सरीतली असेल तर पानं आधी धुवा. सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारा. माझं पहिल्यांदा प्यायलं तेव्हा त्याच्या घशाची हालचाल बघत मी वीस मिनिटं उभा होतो. डोळे आत म्हणजे पाणी कमी पडलंय. उद्यापर्यंत भरले नाहीत तर डॉक्टर गाठा.

मंगळवारपेठी:
यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा, आहे का? आपल्याकडं जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं, आणि खिडकीची काच यूव्हीबी अडवते. रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावा, नाहीतर हाडं मऊ पडतात. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि सारखं हातात घेऊ नका हो, घाबरतं ते.

राजारामपुरीकर:
जास्वंद आणली. स्प्रे मारल्यावर थोड्या वेळानं पानाखाली तोंड नेलं, प्यायलं! दिवा उद्या आणतो.