प्रेस्टन स्टर्जेस १९४४नंतर खरंच संपला का?

जुना_पडदा: हॉलिवूडचा लेखक-दिग्दर्शक स्टर्जेस, याचं नाव निघालं की ठरलेलं ऐकू येतं: चार-पाच वर्षं झळकला, मग आटला. मला हे साफ अमान्य आहे. पॅरामाउंट स्टुडिओला 'द ग्रेट मॅकगिंटी'ची पटकथा त्यानं नाममात्र १० डॉलरला दिली, अट एकच, दिग्दर्शन मीच करणार. त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. १९४० ते १९४४ या काळात त्याचे आठ चित्रपट आले, सगळे स्वतः लिहिलेले. असा माणूस एकाएकी लिहायचं विसरत नाही. स्टुडिओनं त्याच्या कामात कात्री घातली, म्हणून तो बाहेर पडला.

पटकथावेडी: कात्री घातली हे खरं, पण ते आठ चित्रपट झाले तेही त्याच स्टुडिओमुळे. 'ख्रिसमस इन जुलै' जेमतेम ६७ मिनिटांचा आहे! एका दृश्यात दहा माणसं तावातावानं बोलतायत आणि तरी पकड सुटत नाही. ही शिस्त त्याच्या एकट्याची नव्हती. पुढे धनाढ्य निर्माता हॉवर्ड ह्यूजबरोबर मोकळं रान मिळालं, निवृत्त झालेला मूकपटांचा विनोदवीर हॅरल्ड लॉइड याला परत आणून १९४७मध्ये सिनेमा केला, आणि तो सैल आहे. शिवाय सनसेट बुलेवार्डवरच्या त्याच्या रेस्टॉरंटनं पैसा आणि वेळ दोन्ही खाल्लं.

जुना_पडदा: मोकळं रान कुठलं? ह्यूजनं तो सिनेमा काढून घेतला, पुन्हा कापला आणि १९५०मध्ये नाव बदलून आणला. आणि पॅरामाउंटची शिस्त म्हणाल, तर 'द ग्रेट मोमेंट' बघा. ईथरनं भूल देणाऱ्या मॉर्टन या दंतवैद्याची गोष्ट त्यानं काळ उलटापालटा करून रचली होती. स्टुडिओनं ती रचनाच मोडली. 'हेल द कॉन्करिंग हिरो'चंही तेच झालं. प्रदर्शनाआधीचा चाचणी खेळ पडला तेव्हा नोकरी सोडून गेलेला स्टर्जेस एक पैसा न घेता परत आला आणि त्यानं तो सावरला. त्याच पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. सांगा, शिस्त कुणाची होती?

मधली_रांग: तुम्ही दोघं नटांना विसरताय. विल्यम डेमारेस्ट आणि ती नेहमीची मंडळी! स्टर्जेस दोन ओळींच्या भूमिकेलाही अख्खा माणूस द्यायचा. पॅरामाउंट सुटल्यावर तो ताफा पांगला. माझ्या मते नुकसान तिथे झालं.

पटकथावेडी: हे पटतं. पण मग १९४९चा बेटी ग्रेबलचा रंगीत वेस्टर्न? तो कुणी कापल्यामुळे फसला नाही, लिखाणातच फसलाय.

जुना_पडदा: तो वाईट आहे, वाद नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षीचा 'अनफेथफुली युअर्स' घ्या. वाद्यवृंदाचा संचालक, बायकोवर संशय. मंचावर रोसिनीचं संगीत वाजतं तेव्हा तो मनात तिचा खून रचतो, वॅग्नरचं वाजताना तिला माफ करतो, चायकोव्स्कीचं वाजताना स्वतःच मरायला निघतो. घरी येऊन खरोखर करायला जातो तर खुर्ची मोडते, ध्वनिमुद्रणाचं यंत्र ऐकत नाही, सगळा बेत फसतो. तिकीटबारीवर पडला, पण संगीतानुसार माणसाचा सूड बदलतो ही कल्पना ज्याला १९४८मध्ये सुचते आणि पेलते, त्याला मी आटलेला म्हणणार नाही.

पटकथावेडी: शेवटचा तो खुर्चीचा प्रसंग मला फार लांबलेला वाटतो. ६७ मिनिटांवाल्या स्टर्जेसनं तो निम्म्यात उरकला असता.